गुणाजीभाऊ आपोआप शिकले

गुणाजी साळसकरांवर पेपरात छापून आलंय. वागळे इस्टेटमधला एक साधा कामगार पत्नीच्या निधनानंतर सुईदोऱ्याकडे वळला आणि गोधडीचा कलावंत झाला, असं लिहिलंय. वळला म्हणे. रस्त्याने जाताना डावीकडे वळावं तसा. त्यांना कोणी वळवलं ते मला ठाऊक आहे, कारण ती बाई माझी सासू आहे आणि मी तेव्हा शेजारीच बसलेले होते.

ठाण्याच्या कोपरीत आमच्या चाळीच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. दुपारची जेवणं आटपली की बायका तिथे सतरंजी टाकून गोधड्या शिवतात. कोणी नातवासाठी, कोणी लेकीसाठी, अलीकडे विकायलाही. निम्म्या आमच्या बौद्ध घरांतल्या, निम्म्या कोकणातून आलेल्या घरांतल्या. माझ्या सासूबाई रमाबाई, म्हणजे आई, तिथल्या म्होरक्या. जुन्या साड्यांचे थर कसे लावायचे, कुठला रंग कुठे बसवायचा, ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. मी साड्यांना फॉल लावायचं काम घेते, तेही तिथेच बसून करते. त्या शेडखाली पुरुषांना बंदी अशी नव्हती. पण तिथे जी बोलणी चालतात ती ऐकून कुठलाही पुरुष आपणहून पळेल.

गुणाजीभाऊ आले ते बोचकं घेऊन. कंपनी बंद पडलेली, बायको मालन आजारपणात गेलेली, एकुलती लेक संचिता लग्न होऊन डोंबिवलीला. बोचक्यात मालनवहिनींची अर्धी राहिलेली गोधडी होती. कोणीतरी पुरी करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि सुई त्यांच्याच हातात दिली. बायकोचं काम परक्या बाईकडून कशाला पुरं करून घेताय, बसा, दाखवते, म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी भाऊंनी गोधडी स्वतःच्या लेंग्याला शिवली. उठले तर गोधडीही सोबत उठली. आम्ही पोट धरधरून हसलो आणि तेही हसले. पण हसणं वेगळं आणि सामावून घेणं वेगळं. ते आले की बायका गप्प व्हायच्या. एकीने तर आईंना बाजूला घेऊन सुनावलं की अंगावर नेसलेल्या साड्या आपण परक्या पुरुषाच्या हातात कशा द्यायच्या. आई म्हणाल्या, साडी धुतली की कापड. तरी पुढचे बरेच दिवस भाऊंच्या वाट्याला फक्त जुन्या चादरी आल्या.

बाहेर त्याहून वाईट. नाक्यावरची पोरं त्यांना गुणाजीबाई म्हणायची. संचिता मुद्दाम येऊन सांगून गेली की हे सासरी कळलं तर माझी मान खाली जाईल. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा सतरंजीवर येऊन बसले. तेव्हा मला त्यांचा फार आदर वाटला होता, तो मी आता नाकारत नाही.

त्यांना जागा मिळाली ती सुयांमुळे. आमच्यातल्या निम्म्या बायकांना सुईत दोरा ओवताना दिसत नाही. भाऊ लवकर येऊन सगळ्यांच्या सुया ओवून एका फडक्यावर टोचून ठेवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. हळूहळू त्यांच्यापुढे साड्या यायला लागल्या, मग सुनांची गाऱ्हाणी. एका दुपारी तर आईंनी पिशवी काढायच्या ऑपरेशनची सगळी हकिकत त्यांच्यासमोर सांगितली, टाक्यांसकट, आणि भाऊंनी मान वर न करता विचारलं, "मग पथ्य किती दिवस पाळलंत, ताई?" त्या दिवशी ते आमच्यातले झाले.

मला एकदा म्हणाले होते, "आख्खं आयुष्य मशीनच्या आवाजात गेलं, रचना. माणसं एवढी बोलतात हे मला इथे येऊन कळलं. हे बंद झालं ना, तर घरी नुसता पंखा ऐकत बसावं लागेल." म्हणून सांगते, त्या सतरंजीवरची वीतभर जागा हीच त्या माणसाची कमाई होती.

मग ती मोठी गोधडी सुरू झाली. दोन माणसं आरामात झोपतील एवढी. थर आईंनी लावले. वरचे रंग आईंनी बसवले, तांबड्याशेजारी हिरवा, मध्ये जुन्या इरकलीचा एक चौकोन. एका कडेने आई, समोरच्या कडेने भाऊ, असे दोघं शिवत शिवत मध्याकडे सरकायचे. भाऊंचा टाका मापून मारल्यासारखा सरळ. आईंचा जरा तिरपा, पण घट्ट. लांबून गोधडी एकसारखी दिसायची, हाताने चाचपली की कोणाचं काय ते कळायचं.

ती पुरी होत आली आणि मृणाल मॅडम आल्या. घोडबंदर रोडला त्यांचं हस्तकलेचं दुकान आहे. आमच्याकडून गोधड्या नेऊन त्या विकतात. इतकी वर्षं येत होत्या, पण कुठली गोधडी कोणी शिवली हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्या मिळून त्यांच्यासाठी एकच बाई होतो. त्या दिवशी सतरंजीवर मिशीवाला माणूस दिसला आणि मॅडमचं भान हरपलं. मोबाइल काढून त्यांनी भाऊंचा हात, भाऊंची सुई, भाऊंचा चष्मा, सगळ्याचा व्हिडिओ केला. आईंचा गुडघा मध्ये येत होता तर त्यांना जरा सरकायला सांगितलं. आई सरकल्या.

तो व्हिडिओ लोकांनी एवढा पाहिला की नाक्यावरची पोरं गुणाजीबाईवरून गुणाजीकाकांवर आली. संचितानेच तो सासरी सगळ्यांना दाखवला. आमच्या आज्यापणज्यांनी बोटं टोचून घेत गोधड्या शिवल्या, त्याला कोणी कला म्हटलं नाही. दुपारचा टाइमपास म्हटलं. एका पुरुषाने तेच केलं आणि ती कला झाली. यात भाऊंचा दोष नव्हता. तोपर्यंत तरी नव्हता.

मॅडमनी ठाण्यातच प्रदर्शन ठरवलं आणि त्यात भाऊंचा सत्कार. मोठी गोधडी मधोमध टांगायची होती. आदल्या संध्याकाळी भाऊ आमच्या दारात आले. आईंना म्हणाले, "ताई, उद्या मी तुमचं नाव घेणार. स्टेजवर बोलावून घेणार." आई नको नको म्हणाल्या. मग भाऊ गेल्यावर मला विचारलं की माइकवर नमस्कार म्हणायचं की जय भीम. मी म्हटलं, जय भीम म्हणा. त्यांनी पेटीतली निळी पैठणी काढली, जी नातवाच्या लग्नाला नेसायची म्हणून ठेवली होती.

आम्ही सगळ्या रिक्षा करून गेलो. हॉलमध्ये थंडगार एसी, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. गोधडी वरून दिवा सोडून टांगलेली, खाली कार्डावर फक्त गुणाजी साळसकर. मी आईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, असू दे, ते बोलणार आहेत ना.

शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, ही कला तुम्ही कोणाकडून शिकलात? तुमचे गुरू कोण?"

आईंनी पदर सावरला. पायांत चप्पल सरकवली.

भाऊंनी एकदा हॉलभर पाहिलं. पहिल्या रांगेत मॅडम, त्यांच्या शेजारी संचिताचे सासू-सासरे. "गुरू असं कोणी नाही," ते म्हणाले. "हात चालत गेला, आपोआप येत गेलं."

टाळ्या पडल्या. आईंनीही वाजवल्या, कारण शेजारच्या वाजवत होत्या.

माझा नवरा रवींद्र घरी म्हणाला की सोड ना, माइक समोर आला की माणूस गडबडतो. गडबडलेला माणूस नाव विसरतो, गुरू नव्हताच असं सांगत नाही. बाईकडून शिकलो म्हणायची लाज वाटली, की आमच्या घरातल्या बाईकडून शिकलो हे व्याह्यांसमोर सांगायची लाज वाटली? हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आईंनी विचारू दिलं नाही. काही उत्तरं ऐकली की शेजारी राहता येत नाही, म्हणाल्या.

प्रदर्शन संपलं त्या दुपारी भाऊ शेडखाली आले. खांद्यावर ती गोधडी. सगळ्यांच्या सुया थांबल्या.

"ताई, माझं चुकलं," ते म्हणाले. आवाज खरा होता, एवढं मी मानते. "ही तुम्ही ठेवा. ही तुमचीच आहे."

आई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी सगळी नाही. माझी आहे तेवढी मी काढून घेते."

गोधडी सतरंजीवर पसरून त्यांनी छोटी कात्री घेतली. हाताने चाचपत आपला तिरपा टाका शोधला, कापला आणि दोरा ओढला. मग पुढचा. राग असा चेहऱ्यावर काही नव्हता, तांदूळ निवडावेत तसं चाललं होतं. सरळ टाक्याला त्यांनी कुठेही कात्री लावली नाही. भाऊ समोर बसले आणि कापड ताणून धरलं, कारण ताणून धरलं की टाका लवकर दिसतो. हे त्यांना आईंनीच शिकवलं होतं. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत, हात गुंतलेले होते. मला दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.

चार वाजता नळाला पाणी आलं तरी कोणी उठलं नाही. आईंचं संपलं तेव्हा गोधडीची एक बाजू शाबूत होती आणि दुसरीकडे साड्या सुट्या होऊन पडल्या होत्या. मधला इरकलीचा चौकोन निखळून आईंच्या मांडीवर आला. तो त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. बाकीचं भाऊंनी गोळा केलं. नीट घडी होईना, तसंच कवेत धरून उभे राहिले.

"उद्या येऊ का, ताई?" त्यांनी विचारलं. याआधी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. दुपार झाली की यायचे.

आई तुटके दोरे एका हाताने गोळा करत होत्या. "तुमचा आता मोठा व्याप झाला, भाऊ," त्या म्हणाल्या. "आम्ही बोलावू तेव्हा या."

या गोष्टीला वर्ष होत आलं. मॅडमकडे ते आता शिकवायला जातात, तिथे बायका फी भरून शिकतात, आणि ऐकते की तिथे ते प्रत्येक वेळी रमाबाईंचं नाव घेतात. त्यांची खोली शेडच्या अगदी समोर आहे. दुपारी दार उघडं असतं, आत पंखा चालू असतो. आम्ही त्यांना अजून बोलावलेलं नाही.