अंगणातला अंमलदार

नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला माझी पहिली शेरवानी आठवते. मॅट्रिक होऊन मी हैदराबादच्या कॉलेजात निघालो होतो. निजामाचं राज्य होतं, तिथं शेरवानी आणि गोंड्याची लाल रुमी टोपी लागायची, म्हणून मामांनी दोन्ही केजहून आणून दिल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी आई वाटेसाठी दशम्या भाजत होती आणि मी सगळा थाट अंगावर चढवून अंगणातल्या बाजेवर पायावर पाय टाकून बसलो. आमच्याकडं असा पोशाख फक्त सरकारी अंमलदाराच्या अंगावर दिसायचा. तेवढ्यात वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, मेंढरं घेऊन आले. मला पाहताच त्यांनी पायताण काढलं, मुंडासं सावरलं आणि कमरेत वाकून सलाम केला. "सरकार, आमचं काई चुकलं का?" मला काय आनंद झाला म्हणता! आवाज जाड करून मी दरडावलं, "इतका उशीर कावून?" "माफी असावी, सरकार," म्हणत ते हात जोडून आणखीच वाकले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, त्यांनी मला खरंच ओळखलं नव्हतं. टोपी काढून मी म्हटलं, "दादा, मी हाय." ते बघतच राहिले, मग मोठ्यानं हसले. "लई शोभतंय रं तुला!" सकाळी बैलगाडी जुंपल्यावर मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला मधेच धरलं. "नगं, कापड मळंल." आता हा किस्सा मी आवाज काढून, नकला करून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात, वडिलांचं ते वाकणं मात्र मला अजून करून दाखवता येत नाही.