ह्यांच्या हातातले तीन एक्के

आमच्या ह्यांनी ढोकीच्या साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर नोकरी केली. उसाची गाडी आली की दिसेल तो आकडा मोठ्यानं सांगायचा, एवढंच काम. त्यामुळं की काय, मनात एक आणि तोंडावर दुसरं हे त्यांना जमतच नाही. देवाधर्माला हा गुण चांगला. पत्त्यांना नाही.

रिटायर झाल्यापासून रोज दुपारी आमच्या ओट्यावर तीन पत्ती बसते. हे, आयुबभाई टेलर, धनाजीराव आणि बिभीषण मास्तर. पैसा लावत नाहीत, चिंचोके लावतात, म्हणून मी चहा तरी देते. पाडव्याला ज्याच्याजवळ चिंचोके जास्त, तो सांगेल तिथं दिवाळीनंतर चारी घरांची जीप जायची. गुडघा बरा झाला तेव्हा ह्यांनी कपिलधारच्या मन्मथस्वामींना बोलून ठेवलं होतं की ह्या तिघांना घेऊन दर्शनाला येतो. नुसतं 'चला' म्हटलं असतं तर सगळे आले असते. पण ह्यांना जिंकूनच न्यायचं होतं. चार वर्षं जीप नळदुर्गला गेली. धनाजीरावांना किल्ला आवडतो.

जिंकणार कसे? चांगली पानं आली की ह्यांचा डावा हात गळ्यातल्या लिंगाकडं जातो आणि उजवा एकदम दहा चिंचोके टाकतो. तिघंही लगेच पत्ते खाली ठेवतात. देवाचे आभार मानायचे आणि त्यानं दिलेलं घालवायचं, दोन्ही एकदमच.

यंदा मीच शिकवलं. म्हटलं, पाव्हण्याच्या ताटात एकदम चार पोळ्या टाकल्या की तो हात आडवा धरतो. एकेक वाढली की पाच जातात. तसे दोनच चिंचोके टाका, आणि डावा हात मांडीखाली दाबून बसा. असलं शिकवलं म्हणून त्या दिवशी जपाची एक माळ जास्त ओढली.

पाडव्याला शेवटच्या डावात ह्यांना तीन एक्के आले. त्याच्यावर पान नाही. आयुबभाई पंचवीस चिंचोक्यांनी पुढं होते. सुरुवातीचा एकेक पडला, मग ह्यांनी दोन टाकले. तिघांनीही दोन दोन टाकले. दुसरी फेरीही तशीच गेली. आणखी एक फेरी, की कपिलधार. मी दारात चहाचा ट्रे धरून उभी.

ह्यांनी पुन्हा दोन टाकले. आयुबभाई थांबले. "हणमंतप्पा, तुमचा डावा हात कुठं गेला?"

"हाय की. मांडीखाली."

"कशाला?"

ह्यांना खोटं कुठलं सुचायला? म्हणाले, "हिनं ठेवायला सांगितलाय."

तिघांनी पत्ते टाकले. धनाजीराव मला म्हणाले, "वयनी, हातासंगं तोंडपण दाबायला सांगायचं व्हतं."

डाव ह्यांना मिळाला, पण पाच चिंचोके कमी पडले आणि पाडवा आयुबभाई जिंकले. कुठं जायचं विचारलं तर बायकोचं नाव पुढं करून म्हणाले, "कपिलधार. शाहिस्ताला धबधबा बघायचाय." नवस फिटला. समाधीपुढं चौघंही हात जोडून उभे राहिले. ह्यांचं तोंड मात्र उतरलेलं. परतताना जीपमध्ये मला हळूच म्हणाले, "तू दोनच का सांगितलंस? तीन टाकले असते तर दुसऱ्याच फेरीत झालं असतं."

मी म्हटलं, देवाची मर्जी. घरी आल्यावर चिंचोके मांडून बघितलं. ह्यांचं बरोबर होतं. वहीत लिहितेय, ह्यांना काही सांगितलेलं नाही.