द्राक्षबागेत पाहुणे

लेकीने आमच्यासाठी नाशिकजवळच्या द्राक्षबागेत खोली ठरवली, तेव्हा मी आधी तिच्यावर चिडलेच. ती लग्न होऊन पनवेलला असते. फोनवर म्हणाली, "आई, तिथे बागेतच राहायची सोय आहे. वाइन कशी करतात तेही दाखवतात. सोमवारी जा, बुधवारी या."

"आमी काय वाइन पिणारी माणसं हाय काय गं?"

"पिऊ नका. झोपा नुसते."

कुंभिवलीत, हायवेपासून थोडं आत, भातशेताच्या कडेला आमच्या चार खोल्या आहेत. नवऱ्याची खोपोलीतली कंपनी बंद पडली, तेव्हा बांधल्या. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईचे पाहुणे येतात आणि रविवारी जेवून जातात. पावसाळ्यात त्यांना धबधबा दाखवायचा, थंडीत पोपटी लावायची. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, जाळ, सगळं नवरा बघतो. मी भाकऱ्या थापते. सोमवारी चादरी धुवायला काढायच्या, मग खोल्या पुसायच्या, बाजार करायचा, की शुक्रवार आलाच. खोल्या झाल्यापासून लग्न आणि मयत सोडलं तर आम्ही दोघं कुठे एकत्र गेलोच नव्हतो.

फेब्रुवारीत निघालो. गाडी नवऱ्याने चालवली. मुरबाड गेलं तेवढं आठवतं. कसारा घाट कधी चढलो ते मला कळलंच नाही, डोळे उघडले तेव्हा इगतपुरी मागे पडली होती.

बाग धरणाच्या पाण्याला लागून होती. तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी पार टेकडीपर्यंत गेलेल्या. खोलीत शिरल्याशिरल्या मी चादरीचा कोपरा उचलून गादीवर डाग आहे का ते बघितलं. नवरा नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघत होता. चहा आला. पिऊन झाल्यावर मी कपबशा उचलल्या आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. तिथली बाई पोळ्या लाटत होती. तिने माझ्या हातातून कप काढून घेतले.

"अहो ताई, तुम्ही पाहुण्या. तुम्ही कशाला उचलता? जा, बसा बाहेर."

बाहेर येऊन बसले, पण हातांचं काय करायचं ते सुचेना.

संध्याकाळी एका लांब टेबलाशी सगळ्या पाहुण्यांना बसवलं. बाकी सगळी तरुण जोडपी होती. वाइन ओतणारा मुलगा समजावून सांगत होता, आधी ग्लास हलवा, वास घ्या, मग छोटा घोट घ्या. पहिली पांढरी होती. नवऱ्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. "आंबट हाय रं बाबा!" सगळे हसले, तोही हसला. मग लाल आली. ती कच्च्या जांभळासारखी घशाला धरत होती. मी दोन घोट घेतले आणि ग्लास त्याच्याकडे सरकवला.

नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं. माझा उरलेला ग्लास तो हातात फिरवत होता. मग समोर बघतच म्हणाला, "मला नाय झेपत आता गं."

मला वाटलं वाइनचं बोलतोय. "मग ठेवा तो ग्लास."

"त्याचं नाय. घरचं बोलतोय. शुक्रवारी गाडी वळताना दिसली ना, की मागच्या दारानं निघून जावंसं वाटतं. हसायचं, या बसा म्हणायचं, पोरांना मळा दाखवायचा. तोंड दुखतं हसून."

मी त्याच्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला. आमच्या घरात थकणारी फक्त मीच आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो पाहुण्यांत रमतो, गप्पा मारतो, म्हणून कंबर दुखली तरी मी गप्प बसायचे.

"मग बोलला का नाय कधी?"

"तू एवढं राबतेस. तुला काय सांगू?"

मला रडू आलं नाही. तेवढं त्राणच नव्हतं. त्याचा हात धरला आणि बसून राहिले. रात्रीच्या जेवणाचं विचारायला आले तेव्हा आम्ही नको म्हटलं, आणि उजेड असतानाच जाऊन झोपलो.

सकाळी बाग आणि कारखाना दाखवणार होते. दार वाजलं असेलही, आम्हाला ऐकू आलं नाही. उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या दिवसाची तोडणी संपली होती. आम्ही दोघंच ओळींमधून चालत गेलो. एका वेलीवर विसरलेला घड होता. मणी बारके, जाड सालीचे, आत बिया, पण गोड. वाइन कशी करतात ते शेवटपर्यंत बघितलंच नाही. लेकीला खोटंच सांगितलं, छान होतं सगळं.

परत आलो. त्या शुक्रवारचं बुकिंग आधीच घेतलेलं होतं, ते निभावलं. शिमगा झाला आणि नवऱ्याने हायवेवरची पाटी उतरवली. दोन खोल्या खोपोलीच्या दुसऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या दोन कुटुंबांना भाड्याने दिल्या, दोन बंद ठेवल्या. लोक अजून फोन करतात. तो सांगतो, "बंद हाय," आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिथेच उभा राहतो.

पहिला मोकळा शनिवार फार जड गेला. दोघांपुरता भात लावला, जेवलो, आणि मग ओटीवर बसलो. थकवा गेला असेल असं वाटलं होतं. तो तसाच होता, उलट आता बसल्यावर जास्त कळत होता. गुडघे, पाठ, मनगटं, एकेक जागा दुखून सांगत होती. तो शेजारी आडवा झाला. मी विचारलं, "चहा टाकू?"

"नको," तो म्हणाला. "पड जरा तू पण."

मी पडले.