केशरबाईचं गळू

राजापेठेत भाजी विकणाऱ्या बायकांची एक रीत होती. भरली टोपली डोक्यावर चढवताना शेजारणीने हात लावायचा. भांडण असो, अबोला असो, हाताला कोणी नाही म्हणत नसे. १९६३च्या उन्हाळ्यात केशरबाई नाही म्हणाली.

"माह्याच्यानं नाही होत, दुर्गाबाई."

"काहून व? बहिणीकडं राहून बगलेतलं गळू कापून आली, त्याले वीस दिवस झाले न?"

"बहिणीच्या घरचं तूप अंगी लागलं तिच्या!" पलीकडून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

केशरबाई उठली आणि दुर्गाबाईची वांग्यांची टोपली दोन्ही हातांनी वर लोटली. छातीत काहीतरी चर्रकन उसवलं. पदराखाली ओलं झालं.

दुर्गाबाईने टोपली टाकली, तिला दंडाला धरून पोत्यांच्या आडोशाला नेलं आणि चोळीची गाठ सोडली. पट्टीखाली दोन्ही स्तनांवर टाके होते. एक टाका तुटून रक्त येत होतं.

"हे गळू नाही."

"नाही."

"मंग?"

केशरबाईने मान खाली घातली. "ओघळले होते. डाक्टरनं उचलून शिवले."

"कोनाले दाखवाचे होते व? धनी जाऊन सहा वर्सं झाले!"

छातीच्या ओझ्याने खांदे दुखतात, उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलून निघते. अकोल्याच्या दवाखान्यात तिने हेच सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. आता पुन्हा तेवढंच सांगितलं असतं तर ती सुटली असती. पण नहाणीत खाली नजर गेली की आपलंच अंग घाईघाईने झाकणारी केशर तिला आठवली.

"कोनालेच नाही," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

दुर्गाबाईने धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर दाबली. बाहेर बायका विचारत होत्या. "गळू फुटलं तिचं!" ती आतूनच ओरडली. "मीच मेलीनं हात लावाले लावला."

आपल्यासाठी दुसरीला खोटं बोलावं लागलं, याने केशरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुटलेला टाका दाखवायला दुपारच्या गाडीने दोघी अकोल्याला निघाल्या. मूर्तिजापूर मागे पडलं. मग दुर्गाबाईने पदर पुढे ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत हळूच विचारलं, "लय दुखते का व?"

"पहिले चार दिवस. मंग सूज राह्यते महिनाभर. उताणंच झोपा लागते. दीड महिना हात खांद्याच्या वर न्याचा नाही, वजन उचलाचं नाही."

"वण?"

"जन्मभर. आन् कुठंकुठं हात लावला तं समजतच नाही."

समोरच्या बाकावरचा म्हातारा पेंगत होता, तरी दुर्गाबाईने आवाज आणखी खाली आणला.

"माह्या वयाच्या बाईचं करते का तो डाक्टर?"

केशरबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर लाजेने दुर्गाबाईला उत्तर ऐकणंही जमलं नसतं.

"इचारू," ती म्हणाली. "मी इचारतो, तू बाहेर बस."