चंपाक्काचं उरलेलं पाणी

ऊस तोडून नेला की रानात पडलेलं पाचट, उसाचा वाळका पाला, पेटवून द्यायचं, ही मगदूम मळ्याची जुनी रीत. रान कसं झाडून काढल्यागत दिसलं पाहिजे. चंपाक्काच्या रानात मात्र तोड झाल्यावरही पाचट तसंच. तिनं ते हातानं ओढून एकाआड एक सरीत दाबून बसवलेलं, आणि पाणी सोडायची ते मधल्या मोकळ्या सरीतनं तेवढं. बांधावरनं जाणारे म्हणायचे, घरात गडी माणूस नसला की रानाचा असा उकिरडा होतो. लोकांच्या तोंडाला काय हो, हात थोडाच लावता येतो! पण बाई खमकी. उकिरडा तर उकिरडा, तुमच्या पोटात का दुखतंय, म्हणून मोकळी व्हायची.

हा हट्ट तिनं माहेराहून आणलेला. माहेर नदीकाठचं, पाण्याला तोटा नाही. बापानं उसाला पाणी पाजपाज पाजलं आणि बघता बघता रान पांढरंफटक पडलं. मीठच फुटलं जमिनीतनं. पुढं त्यात गवताची काडी आली नाही. म्हातारा त्या रानाच्या कडेला नुसता बसून असायचा. ते बघितलेल्या लेकीला तुंबलेली सरी बघवत नसे. आणि सासर मिळालं ते माळावरचं, दोघा भावांत मिळून एक विहीर.

विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली. एक पाळी चंपाक्काच्या घराची, एक धाकट्या दिराची, बाळगोंडाची. ज्याची पाळी त्यानंच मोटर चालवायची. चंपाक्काचा नवरा आदगोंडा वारला तेव्हा बाळगोंडानं सगळ्या भावकीसमोर विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून सांगितलं होतं, दादाच्या वाटणीचं पाणी मी थेंबभर घेणार नाही. आणि तो शब्द त्यानं असा पाळला, असा पाळला की वहिनीच्या पाळीत तो पाटात हातसुद्धा धूत नसे. असली माणसं आता कुठं बघायला मिळतात?

त्या उन्हाळ्यात विहीर खाली गेली. बाळगोंडाच्या पाळीत दुपार होते न होते तोच मोटर हवा ओढायची आणि निम्मं रान कोरडंच राहायचं. खोडव्याची, तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची, पानं सुरळी करून बसली. पाऊस लांब, आणि त्या उसावर त्याच्या घराचं वर्षाचं पोट. चंपाक्कानं सांगून बघितलं, की अहो, निम्म्या सऱ्या कोरड्या सोडा, तरी ओल मुळाला पोचते. तो हसला. “वैनी, घोटा बुडंल एवढं पाणी लागतंय उसाला. ऊस काय हरभरा हाय?”

इकडं तिचं रान अर्ध्या पाळीतच भिजून व्हायचं. तिनं सरळ मनानं त्याला निरोप धाडला, माझं झालं, राहिलेली पाळी तुम्ही घ्या. झालं! मळ्यात पाळी अर्ध्यात टाकतो तो रुसलेला माणूस. भांडण झाल्याशिवाय कुणी पाळी टाकत नाही. बाळगोंडा धावत आला, तोंड उतरलेलं, काय चुकलं म्हणून विचारायला लागला. त्याची बायको राजमती तर माफी मागायला लाडू घेऊन आली. चंपाक्का सांगतेय, रुसले नाही हो, पाणी उरलंय. तर तो ऐकायलाच तयार नाही. मोटर चालू, पाटाला पाणी, आणि ते ना ती आपल्या भिजलेल्या रानात वळवी, ना तो आपल्या. तसंच ओढ्याला चाललं. शेवटी तिनंच कपाळावर हात मारून मोटर बंद केली.

आणि मोटर बंद करताना तिच्या डोक्यात उजेड पडला. द्यायचं कशाला? विहिरीतच ठेवायचं की!

बाळगोंडा राहायला गावात, ती मळ्यात. त्या दिवसापासनं ती आपलं रान भिजलं की गुपचूप मोटर बंद करायची. बाळगोंडाची पाळी आली की विहीर वर आलेली. त्याचं रान शेवटच्या सरीपर्यंत भिजायला लागलं, पानं उलगडली. झरा फुटला म्हणून गडी हरखून गेला. विहिरीला नारळ फोडला, वहिनीला खोबरं आणून दिलं. तिनं ते मुकाट्यानं खाल्लं.

पण असलं किती दिवस लपणार? एका दुपारी चंपाक्काच्या पाळीत तो म्हशीला कडवळ न्यायला अवचित मळ्यात आला. मोटर बंद, विहिरीत पाणी, आणि वहिनी लिंबाखाली शेंगा निवडत बसलेली. त्याचं डोकंच फिरलं.

“वैनी, पाळी तुमची आणि मोटर बंद? दादाचं रान वाळवताय व्हय?”

“वाळलंय का ते बघून या.”

तो तरातरा उसात शिरला. पाचट बाजूला केलं, मातीत बोटं खुपसली. माती गार, बोटांना चिकटणारी. तो तिथंच उकिडवा बसला. मागोमाग आलेल्या चंपाक्काला त्याची पाठ बघूनच कळलं की आता सगळं उमगलं.

“म्हंजे झरा फुटला न्हाई.”

“न्हाई.”

“भावकीसमोर शबूद दिला हुता मी. तुम्ही मला खोटं पाडलं, वैनी.”

आता मात्र तिला संताप आला. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं.

“तुमचा शबूद ऱ्हाईल, आणि ऊस माझ्या डोळ्यांदेखत मरंल. बापाचं रान मेल्यालं बघितलंय मी, भाऊजी. रान मेलं तवा बापबी मेला, नुसता श्वास तेवढा चालू हुता. तुम्हाला तसं बांधावर बसल्यालं मी बघायची न्हाई. ह्यांच्या मागं मला हाय कोण? तुम्हीच की!”

तो उठला, विहिरीवर गेला, स्वतःच्या हातानं मोटर चालू केली. पाणी पाटात आलं तसं त्यानं ते आपल्या रानाकडं वळवलं आणि तो खाली बघतच तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“तुमचं भिजलंय,” तो म्हणाला. “उरलंय ते मी घेतो. आणि माझ्या कुठल्या सऱ्या कोरड्या सोडायच्या, ते दावा.”

चंपाक्कानं डोळ्याला पदर लावला. मग खोरं उचललं आणि दिराच्या पुढं होऊन त्याच्या रानाकडं निघाली.