खिएमदादांचा कौल

आमच्या नाम दिन्ह शहरातील सूतगिरणीमागच्या गल्लीत थोआ वहिनी राहतात. तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी वाफेवर करून त्या सकाळी बाजारात विकतात. त्यांचे यजमान खिएमदादा म्हणत, की हिच्या धिरड्यातून पलीकडचा माणूस दिसतो, म्हणूनच पोट भरत नाही. त्यांचा स्वभाव असा होता.

पक्षाघाताने दादांचे पाय गेले. तेव्हापासून वहिनींनी त्यांना चाकांच्या खुर्चीतून सर्वत्र नेले. दादांना ती खुर्ची मुळीच आवडत नसे. "मला भाजीसारखं ढकलत नेते ही," अशी तक्रार ते भेटेल त्याच्याकडे करीत. वहिनी मागून म्हणत, "भाजी निदान गप्प तरी असते."

दादा वारले आणि खुर्ची पितरांच्या चौरंगाशेजारी उभी राहिली. वहिनी तिची चाके पुसून ठेवीत, त्यांना तेल देत. याच सुमारास, बाजारात त्यांच्या शेजारी बसून पुदिना विकणाऱ्या लुआ अक्का पडल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, परंतु पायांत बळ आले नाही. त्यांच्या खोलीला खिडकी नाही. अक्का दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राहू लागल्या. त्यांची सून दिएप खुर्ची मागावयास आली, तेव्हा मी तेथेच चहा घेत होतो.

"काकू, आईंना नुसतं गल्लीच्या तोंडापर्यंत नेता आलं, तरी खूप झालं," ती म्हणाली.

"खुर्ची त्यांची आहे गं. त्यांना जाऊन शंभर दिवस झाले, की त्या दिवशी त्यांना विचारते," वहिनी म्हणाल्या.

विचारायचे म्हणजे कौल लावायचा. एक बाजू पांढरी व एक काळी रंगवलेली दोन नाणी बशीत टाकतात. एक पांढरी बाजू व एक काळी आली तर होकार. दोन्ही काळ्या आल्या तर नकार. दोन्ही पांढऱ्या आल्या तर गेलेला माणूस नुसता हसतो आहे, असे समजतात.

शंभराव्या दिवशी चौरंगावर पाने मांडली, उदबत्त्या लावल्या. दिएपही आली होती. वहिनींनी हात जोडून विचारले, "अहो, तुमची खुर्ची लुआला देऊ का?" दोन्ही बाजू पांढऱ्या. पुन्हा विचारले, पुन्हा पांढऱ्या. तिसऱ्यांदाही तेच.

"हसतायत. म्हणजे द्यायची नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात खुर्चीच्या मुठीवर होता. दिएपने मान खाली घातली.

मला राहवले नाही. "वहिनी, हसणं म्हणजे नकार नव्हे. शेवटपर्यंत ज्या खुर्चीला शिव्या दिल्या, तिच्यासाठी तुम्ही परवानगी मागताय, म्हणून हसत असतील."

"भाऊजी, तुम्हाला जेवायला बोलावलंय, वकिलीला नाही."

मग वहिनींनी खुर्चीवरचा हात काढला, नाणी उचलली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमचं काही अडलेलं नाही. माझंच अडलंय. असंच ना?"

एक पांढरी, एक काळी.

वहिनींनी पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले. "बोलले एकदाचे," त्या म्हणाल्या. "दिएप, आधी जेवून घे. मग मी येते तुझ्याबरोबर. ही उतारावर डावीकडे ओढते, तुला एकदम जमायचं नाही."

जेवणानंतर त्यांनी स्वतः खुर्ची ढकलत नेली. अक्कांना आम्ही तिघांनी उचलून तीत बसविले.

"थोआ, तुझ्या नवऱ्याची बैठक मला फार रुंद होते."

"मग चार घास जास्त खा आणि भरून काढ."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अक्कांनी ऊन लागते म्हणून डोळे मिटले, मग एकेक करून उघडले. समोर एक मुलगी पुदिना विकत होती. "किती पाणी मारलंयस गं? संध्याकाळपर्यंत कुजेल," असे अक्कांनी तिला सुनावले. दिएप हसू लागली.

थोडे पुढे गेल्यावर अक्का कुरकुरल्या. "थोआ, पुढे ये ना. तुझ्याशी बोलायला मान मागे वळवावी लागते, दुखते मला."

वहिनी थांबल्या. त्यांनी दोन्ही मुठी सोडल्या, दिएपला जागा दिली आणि म्हणाल्या, "उतार आला की उजव्या हाताने मागे ओढून धर." मग त्या अक्कांच्या बाजूला आल्या, आणि बाजारातल्या बातम्या सांगत चालू लागल्या.