न उगवलेली लस

"माल एक नंबर हाये. तुयी जमीनच कमजोर, त्याले मी काय करू?" असं म्हणताना शेठ अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत, जणू समोरच्याच्या शेतातली माती तपासून पाहत आहेत. शेत त्यांनी कधी पाहिलेलं नसे.

परतवाड्यात आमच्या घरासमोर त्यांचं कृषी केंद्र होतं. कपाशीचं बोगस बियाणं गावोगाव विकलं जायचं, ती वर्षं. पेरलेलं उगवलं नाही की माणसं रिकामं पाकीट घेऊन भांडायला येत आणि दोष आपल्याच मातीचा, एवढं ज्ञान घेऊन परत जात. जाताना दुबार पेरणीसाठी नवं पाकीटही नेत. असा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. आमचा जरा जास्त गोड बोलायचा, इतकंच.

किडन्या निकामी झाल्या तेव्हा शेठनी आधी नळाच्या पाण्याला दोष दिला, मग डॉक्टरांना. डायलिसिसला अमरावतीला जावं लागे. मुलं पुण्याला, म्हणून सोबत मी. "मास्तर, तुमी पुस्तकं वाचता, डाक्टरीनबाईचं बोलनं तुमालेच समजन," असा माझा गौरव करून ते जीपमध्ये खिडकीची जागा घेत.

डायलिसिसवरच्या माणसाला काविळीची लस देतात. शेठना ती पूर्ण दिली, मग पुन्हा दिली. रक्त तपासलं, तर लसीचा मागमूस नाही.

"पाकीट दाखवा," शेठ म्हणाले. "मुदत पाहू द्या. बोगस असन."

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लस चांगली आहे, काका. इतरांना लागू पडली. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच थकल्यात. लसीपासून काही शिकत नाहीत आणि जंतू आला तर धड लढत नाहीत. त्याला आम्ही काय करणार? खोकणाऱ्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ताप आणायचीही ताकद तुमच्या अंगात उरलेली नाही."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. हसणं बरं दिसलं नसतं.

जीप वलगावच्या पुढे गेल्यावर शेठ म्हणाले, "मास्तर, बाईनं मले मायीच गोष्ट इकली."

आजाऱ्याला पाहायला न जाणं आमच्याकडे गुन्हा. पाहायला आलेल्याला दारातच थोपवणं त्याहून मोठा. शेठनी तोही केला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावरच चहा देऊन लोकांना वाटेला लावू लागल्या. "माल इकाचा होता तवा बरे आत बलावत," लोक जाताजाता ऐकवत.

मग चांदूर बाजारकडचा एक म्हातारा शेतकरी आला. शेठच्या बियाण्यानं त्याची पेरणी लागोपाठ वाया गेली होती. तो ओट्यावर खोकत बसला. शेठनी आतून आवाज ओळखला.

"येऊ द्या त्याले."

"खोकला हाये त्याले," काकू म्हणाल्या.

"असू द्या. बाकीच्याइले नाई म्हन्लं. त्याले नाई म्हनाले तोंड नाई मले."

म्हातारा खाटेच्या कडेला टेकला. शेठनी सवयीनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मग म्हणाले, "जमीन चांगली होती तुयी. बियानंच बोगस होतं."

"मले तवाच मालूम होतं, शेठ."

"मंग मायाकडूनच काहून नेत होता?"

"दुसऱ्याकडंबी तेच होतं. तुमी निदान चहा पाजत होते."

शेठ हसले, तोही हसला. त्याचं हसणं खोकल्यात संपलं.

आठवडाभरात शेठना धाप लागली. अंगात ताप नव्हता, म्हणून काकूंनी ती थकव्यावर ढकलली. मला कळलं तेव्हा मी जीप बोलावली. म्हातारा त्या दिवशी पुन्हा पाहायला आला होता, तोही चढला. शेठचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला.

"ताप नाई, वैनी. घाबरू नोका," तो वाटभर काकूंना सांगत होता. आसेगावच्या पुढे म्हणाला, "आता तं एकदम गार हाये." समाधानानं म्हणाला. मी पुढच्या सीटवर होतो, मागे वळलो नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हळूच उचलून बाजूला केला.